मराठी शिकलेला धर्म: ख्रिस्ती श्रद्धा आपल्या इतिहासात कशी मुरली

ठाण्यात तलावपाळीला संध्याकाळी फेरी मारणाऱ्याला एका बाजूला कौपिनेश्वराचे देऊळ लागते आणि तिथून थोड्याच अंतरावर सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च. हे चर्च सोळाव्या शतकातले, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधीचे. नाताळच्या आदल्या संध्याकाळी इथे गर्दी होते आणि त्या गर्दीत ख्रिस्ती नसलेले ठाणेकरही पुष्कळ असतात. मेणबत्ती विकत घ्यायची, दाराशी चपला काढायच्या, हात जोडायचे आणि लेकराला गव्हाणीतला बाळ येशू दाखवून बाहेर पडायचे, असा अनेक घरांचा रिवाज आहे. चर्चमध्ये चपला काढण्याची गरज नसते. पण देवाच्या दारात पायातले काढायचे हे आपल्या अंगवळणी पडलेले असते आणि तिथे कोणी त्याला हरकतही घेत नाही. ज्या सणाला आपण ‘नाताळ’ म्हणतो त्याचे हे नावही पोर्तुगीज भाषेतून आलेले आहे. इंग्रजी राजवट येऊन गेली, तरी मराठी माणसाने जुना शब्द सोडला नाही.

या एका दृश्यातून जो प्रश्न उभा राहतो तो सोपा दिसत असला तरी तसा नाही. एखाद्या श्रद्धेचा राष्ट्राच्या इतिहासावर परिणाम झाला, असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय म्हणतो? किती लोकांनी तो धर्म स्वीकारला, हे मोजून उत्तर मिळत नाही. २०११च्या जनगणनेनुसार भारतात ख्रिस्ती लोकसंख्या शेकडा २.३ होती आणि महाराष्ट्रात ती शेकडा एकाच्याही किंचित खाली होती. या आकड्यावरून कोणी म्हणेल की परिणाम नगण्य आहे. परंतु ज्यांनी तो धर्म कधीच स्वीकारला नाही, त्यांच्या शाळेत, छापखान्यात, भाषेत आणि कायद्यात काय बदलले, हे पाहिले तर चित्र निराळे दिसते. माझे म्हणणे असे की ही श्रद्धा आपल्याकडे सत्तेच्या खांद्यावर बसून आली तेव्हा तिने जमिनीवर खुणा उमटवल्या. परंतु तिला मराठी शिकावे लागले तेव्हा तिने समाज हलवला, आणि त्या शिकण्यात ती स्वतःही बदलली.

ठाण्याच्या परिसरात ख्रिस्ती माणूस पोर्तुगिजांबरोबर आला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नाही. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक व्यापारी-प्रवाशाने ‘कल्लियाना’ या बंदरातील ख्रिस्ती लोकांचा उल्लेख केला असून त्यांचा बिशप इराणातून नेमला जाई, असे लिहून ठेवले आहे. अनेक अभ्यासक हे बंदर म्हणजे आपले कल्याण असे मानतात. पुढे १३२१ साली चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात उतरले आणि एका नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबाकडे राहिले. नेस्टोरियन म्हणजे रोमच्या पोपला न मानणारे, इराणी परंपरेतले ख्रिस्ती. त्यांची पंधरा घरे त्या वेळी ठाण्यात होती, असे थोड्याच काळाने इथे आलेल्या ओदोरिक या साधूने नोंदवले आहे. काजीपुढे झालेल्या धार्मिक वादानंतर ते चौघे साधू मारले गेले आणि ओदोरिकने त्यांच्या अस्थी चीनपर्यंत नेल्या. या जुन्या वस्तीचे पुढे काय झाले याचा माग इथल्या समाजात राहिलेला नाही. व्यापाऱ्यांच्या वस्तीपुरती असलेली ती श्रद्धा इथल्या बोलीत उतरल्याची कोणतीही खूण सापडत नाही.

१५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसईचा मुलूख पोर्तुगिजांना तोडून दिला आणि त्यात ठाणे व साष्टी बेट आले. इथून पुढची दोनशे वर्षे समजून घ्यायची तर ‘पाद्रोआदो’ ही व्यवस्था माहीत असायला हवी. पोपने पोर्तुगालच्या राजाला असा अधिकार दिला होता की नव्या मुलखात बिशप त्याने सुचवावेत, चर्चे त्याने बांधावीत आणि पाद्र्यांचा खर्चही त्याच्याच तिजोरीतून व्हावा. याचा अर्थ असा की धर्मप्रसार हे राजाचे सरकारी कर्तव्य झाले आणि पाद्री एका अर्थाने सरकारी पगारावर आला. ‘पगार’ हा शब्दही पोर्तुगीजच आहे. गावांचे उत्पन्न धर्मसंघांना लावून देण्यात आले, देवळे पाडली गेली, आणि बोरिवलीजवळच्या मंडपेश्वरच्या शैव लेण्याचे चर्च करण्यात आले. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धेतील ‘चुका’ शोधून शिक्षा देणारे न्यायालय, सुरू झाले आणि त्याचा धाक उत्तरेकडच्या या मुलखालाही होता. हा इतिहास वेदनेचा आहे. त्याची धार कमी करून सांगणे हा त्या काळी भरडल्या गेलेल्या माणसांवर अन्याय होईल, आणि त्यात धर्मांतरित झालेली माणसेही आलीच.

मात्र याच राजवटीच्या छायेत एक वेगळी गोष्ट घडली. थॉमस स्टीफन्स हा जेझुइट या कॅथलिक धर्मसंघातला इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यात पोहोचला आणि त्याने चाळीस वर्षे या भूमीत काढली. त्याने ओवी छंदात ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ का रचला गेला, याचे कारण त्यातच सापडते. नवख्रिस्ती झालेले लोक विचारीत की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही काढून घेतलीत, तर त्यांच्या जागी ऐकायला आम्हांला दुसरे काही द्या. हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. देव बदलला तरी ऐकण्याची सवय, संध्याकाळी एकत्र बसून ओवीच्या लयीत कथा ऐकण्याची भूक बदलली नव्हती, आणि स्टीफन्सला ती भूक ओळखता आली. बायबलच्या कथेला त्याने ‘पुराण’ म्हटले, येशूच्या आईचे वर्णन मराठी कवी करील तसे केले, आणि मराठी भाषेची जी स्तुती केली ती आजही शाळेच्या पुस्तकांत दिसते. याच्या अगदी उलट वृत्ती सत्तेची होती. १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की स्थानिक लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. ते फर्मान अमलात येऊ शकले नाही, हे आज गोव्यात कोणाच्याही कानावर पडणाऱ्या कोकणीवरून कळते.

मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली वसई घेतली. वसईच्या चर्चमधील घंटा मराठी सरदारांनी ठिकठिकाणच्या देवळांना वाहिल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील मोठी घंटा त्यांपैकीच एक, तिच्यावर १७२१ हे साल आहे. ठाण्याचा पोर्तुगिजांनी बांधायला घेतलेला किल्ला पुढे इंग्रजांकडे गेला आणि आज तो मध्यवर्ती कारागृह आहे. ‘तुरुंग’ हा शब्दसुद्धा पोर्तुगीज भाषेतूनच मराठीत आला, हे त्या तटाजवळून जाताना दर वेळी माझ्या मनात येते.

राजवट गेली, युरोपीय पाद्री गेले. तरी इथले ख्रिस्ती राहिले, आणि त्यांची उपासना देशी पाद्र्यांनी चालू ठेवली. आता त्यांच्या श्रद्धेमागे सत्ता नव्हती. दडपणाने किंवा लोभाने टिकलेली ती असती तर त्या वेळी गळून पडली असती. हेच ठाणे, साष्टी आणि वसईचे मूळ रहिवासी, ज्यांनी १८८७ साली ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. त्यांच्या घरात आजही मराठीचीच एक बोली बोलली जाते. त्यांच्या लग्नातला ‘उंबराचं पाणी’ हा विधी ज्याने पाहिला असेल, त्याला ही गोष्ट अधिक समजावून सांगावी लागणार नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, गाणी म्हणत पाणी भरून आणतात आणि त्या पाण्याने वर किंवा वधूला न्हाऊ घालतात. त्यानंतर चर्चमध्ये पाद्र्यापुढे विवाह होतो. गावठाणातल्या जुन्या क्रुसावर झेंडूची माळ असते आणि त्या माळेत कोणाला काही विसंगत वाटत नाही.

इथे थोडे दूरचे उदाहरण घेतो, कारण त्यामुळे आपल्याकडच्या गोष्टीचे वेगळेपण उठून दिसते. आर्मेनिया या देशाने परंपरेनुसार इ.स. ३०१ मध्ये, राजा त्रिदात याच्या काळात, ख्रिस्ती धर्माला राज्यधर्म केले आणि तसे करणारे ते जगातले पहिले राज्य मानले जाते. परंतु राजाच्या हुकमाने धर्म लोकांच्या तोंडी बसला नाही, कारण प्रार्थना ग्रीक आणि सिरियाक भाषांत होत. सुमारे शंभर वर्षांनी, ४०५च्या आसपास, मेस्रोप माश्तोत्स या साधूने आर्मेनियन भाषेसाठी ३६ अक्षरांची लिपी तयार केली आणि बायबलचे भाषांतर सुरू झाले. पुढे तो देश इराणी, अरब आणि तुर्क सत्तांखाली गेला, कैक शतके त्याला स्वतःचे राज्य नव्हते, पण लिपी आणि चर्च या दोहोंनी त्याला आर्मेनियन ठेवले. तिथे एका श्रद्धेने राष्ट्राला लिपी दिली. आपल्याकडे लिपी होती, ज्ञानेश्वर आणि तुकाराम होते, भक्तीची भाषा शतकानुशतके घोटून तयार झालेली होती. त्यामुळे इथे येणाऱ्या धर्माला या भाषेकडे विद्यार्थी म्हणूनच यावे लागले.

एकोणिसाव्या शतकात नेमके तेच झाले. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते, कारण धर्माच्या वादातून व्यापार बिघडेल अशी तिला भीती होती. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले तेव्हा त्यांना परत पाठवण्याचे हुकूम निघालेले होते. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कंपनीला दिलेल्या नव्या सनदेने मिशनरींना वाट मोकळी झाली. त्याआधीच बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी याने पंडित वैजनाथ शर्मा यांच्या मदतीने १८०५ मध्ये मराठी व्याकरण आणि १८१० मध्ये मोडी लिपीत कोश छापला होता. प्रोटेस्टंट पंथाची शिकवण अशी की प्रत्येकाने, मग तो मजूर असो वा त्याची बायको, धर्मग्रंथ आपल्या भाषेत स्वतः वाचावा. ही एक गोष्ट लक्षात घेतली की बाकीचा उलगडा आपोआप होतो. ग्रंथ वाचायचा तर वाचायला आले पाहिजे, म्हणून शाळा हवी. सर्वांनी वाचायचा तर मुलींना आणि अस्पृश्य मानलेल्या जातींनाही शाळेत घेतले पाहिजे. आणि हजारो प्रती हव्यात तर छापखाना व मराठी टाईप हवा. अमेरिकन मिशनने १८२४ मध्येच मुंबईत मुलींची शाळा काढली, ती याच तर्कातून.

छापखान्याची कथा तर अगदी मन लावून सांगावी अशी आहे. मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये छापलेली पुस्तके पाहून गणपत कृष्णाजी यांनी स्वतः छापखाना उभा केला आणि १८३१ मध्ये पहिले छापील मराठी पंचांग काढले. त्याच मिशन प्रेसमध्ये जावजी दादाजी हा गरीब घरातला मुलगा टाईप घासण्याच्या कामाला लागला. ओतलेल्या शिशाच्या खिळ्याच्या कडा दगडावर घासून गुळगुळीत करायच्या, म्हणजे तो ओळीत नीट बसतो आणि अक्षर स्वच्छ उमटते, असे ते बारीक काम. या मुलाने पुढे ‘निर्णयसागर’ छापखाना काढला आणि तिथली सुबक देवनागरी अक्षरे संस्कृत ग्रंथांच्या छपाईत देशभर आदर्श मानली गेली. बायबलसाठी शिकलेले कसब वेद, पुराणे आणि काव्ये छापण्यासाठी वापरले गेले. अशा परिणामाची नोंद धर्मांतराच्या कोणत्याही आकडेवारीत सापडणार नाही.

हीच गोष्ट शाळेची. जोतीराव फुले १८४१ ते १८४७ या काळात पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगरला सिंथिया फरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली, आणि सावित्रीबाईंचे अध्यापनाचे शिक्षणही फरारबाईंकडे झाले. १८४८ मध्ये पुण्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी सर्वांचा निर्माता म्हणून ‘निर्मिक’ ही कल्पना मांडली आणि १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. सर्व माणसे एकाच निर्मात्याची लेकरे आहेत, हा विचार त्यांनी मिशनच्या वर्गात ऐकला असेल, पण शेतकऱ्याच्या आणि अतिशूद्राच्या अनुभवाशी त्याची गाठ त्यांनी स्वतः घातली. म्हणून ‘फुल्यांना मिशनरींनी घडवले’ असे म्हणणे मला चुकीचे वाटते, आणि मिशनच्या शाळेचा उल्लेखच गाळणेही तितकेच चुकीचे वाटते.

विरोधही झाला आणि तो होणे रास्त होते, कारण अनेक मिशनरींच्या पुस्तिकांत हिंदू देवदेवतांची निंदा होती. विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनरींशी जाहीर वादविवाद केले. शंभर वर्षांपूर्वी तलवारीने सुटणारा प्रश्न आता श्रोत्यांपुढे, मराठीत, तर्काने लढवला जात होता. दुसरीकडे ब्राह्मण मुलगा श्रीपत शेषाद्री मिशनच्या घरी राहिला म्हणून वाळीत पडला, तेव्हा त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने एकत्र बसून प्रार्थना आणि प्रवचन ही पद्धत घेतली, पण पदे तुकारामांची ठेवली.

ज्यांनी खरोखर धर्म बदलला त्यांची किंमत मोठी होती. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे याच टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग आणि कीर्तन आणले आणि आपण तुकारामांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते सांगत. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढले आणि नंतर केडगावला मुक्ती मिशन उभे केले. तिथे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. आधीच्या भाषांतरांतली जड संस्कृत वळणे त्यांना नको होती. अल्पशिक्षित बाईला ऐकताच कळेल असे मराठी त्यांना हवे होते. टाईप जुळवणाऱ्या, छापणाऱ्या आणि पाने बांधणाऱ्याही आश्रमातल्या बायकाच होत्या, ज्यांपैकी कित्येकींना दुष्काळातून वाचवून आणले होते. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या आणि त्यांचे भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

राहिला कायदा. धर्म सोडला म्हणून वडिलोपार्जित मालमत्तेचा हक्क जाऊ नये, असे १८५०च्या कायद्याने ठरवले. त्यामागे धर्मांतरितांचे प्रश्न होते, पण जातीबाहेर टाकलेल्या प्रत्येकाला त्याचा आधार मिळाला. घटना समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे बंगाली ख्रिस्ती होते आणि अल्पसंख्याकांविषयीच्या उपसमितीचे कामही त्यांच्याकडे होते. ख्रिस्ती प्रतिनिधींनी राखीव जागांचा आग्रह सोडला. मात्र धर्माच्या प्रसाराचा हक्क घटनेत असावा, याबाबत ते ठाम राहिले. डिसेंबर १९४८ मध्ये या शब्दावर चर्चा झाली तेव्हा कन्हैयालाल मुनशी यांनी सभागृहाला सांगितले की प्रसार हा ख्रिस्ती समाज आपल्या श्रद्धेचा मूलभूत भाग मानतो. तो शब्द अनुच्छेद २५ मध्ये राहिला आणि आज प्रत्येक धर्माच्या प्रत्येक भारतीयाला तो लागू आहे.

त्याच राज्यघटनेखाली १९५० मध्ये अनुसूचित जातींचा जो आदेश निघाला, त्यात काही शीख जाती वगळता फक्त हिंदूंचा समावेश झाला. पुढे १९५६ मध्ये इतर शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, पण ख्रिस्ती झालेला दलित बाहेरच राहिला. युक्तिवाद असा की ख्रिस्ती धर्मात जात नाही. धर्मग्रंथात ती नाही, हे खरे आहे. पण नगर जिल्ह्यातल्या खेड्यात ज्याचे आजोबा ख्रिस्ती झाले, त्याची वस्ती गावाच्या कोणत्या बाजूला आहे हे तिथे जाऊन पाहता येते. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे आणि त्या वस्तीतल्या चर्चमध्ये रविवारी टिळकांची मराठी भजने म्हटली जातात.